नफा-तोटा पत्रकातली एक ओळ

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने पुण्याच्या एका अपिलावर आदेश दिला. अपील करणारे होते माहिती अधिकार कार्यकर्ते विहार दुर्वे. भारतीय स्टेट बँकेच्या खातेवह्यांतून राजकीय पक्षांना देणगी देण्याचे निवडणूक रोखे कोणी घेतले आणि ते कोणाकडे गेले, एवढाच तपशील त्यांनी मागितला होता. बँकेने नकार दिला. दुर्वे यांचे म्हणणे असे की बँकेने जनतेचे हित पाहावे, पक्षांचे नव्हे. आणि बँक व पक्ष यांच्यात असे कोणतेही विश्वासाचे नाते नाही, ज्याच्या आडोशाने ही माहिती राखून ठेवता येईल. आयुक्त सुरेश चंद्रा यांनी बँकेचा नकार कायम केला. देणगीदारांची आणि पक्षांची नावे उघड करण्यात त्यांना व्यापक जनहित दिसले नाही. उलट देणगीदाराच्या खासगीपणाचा भंग होईल असे वाटले.

सव्वातीन वर्षांनी, १४ मार्च २०२४ रोजी, तीच नावे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आली.

मधल्या काळाची हकिगत वृत्तपत्रांनी पुष्कळ सांगितली आहे. आपण जरा कडेची वाट धरू. कंपनी राजकीय पक्षाला पैसे देते, तेव्हा तिच्या नफा-तोटा पत्रकात त्याची एक ओळ असते किंवा नसते. असली तर कधी पुरती असते, कधी अर्धी. गेल्या पासष्ट वर्षांत ही ओळ आली, गेली, परत आली, तोडली गेली आणि पुन्हा जोडली गेली. दुर्वे जे मागत होते, ते या ओळीचा तोडलेला तुकडा होता, असे कागद ओळीने लावले की दिसते.

सुरुवात मात्र कंपनीपासून करता येत नाही. आपल्या कायद्याने राजकीय पैशाचा विचार आधी कामगारांच्या बाबतीत केला. नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य नारायण मल्हार जोशी मध्यवर्ती विधिमंडळात होते. कामगार संघटनांना नोंदणी आणि संरक्षण देणारा कायदा करावा, असा ठराव त्यांनी मार्च १९२१ मध्ये मांडला. त्याआधी मद्रासच्या बकिंगहॅम गिरणीच्या संपात संघटनेचे नेते बी. पी. वाडिया कोर्टात खेचले गेले होते आणि संघटना करणे हाच गुन्हा ठरतो की काय, अशी वेळ आली होती. जोशींच्या ठरावातून निघालेला कायदा १९२६ चा. तो १ जून १९२७ पासून अमलात आला.

त्या कायद्याचे कलम १६ सावकाश वाचण्यासारखे आहे. संघटनेला निवडणुकीच्या उमेदवाराचा खर्च करायचा असेल, राजकीय सभा घ्यायची असेल, पत्रके वाटायची असतील, तर सर्वसाधारण निधीतून एक पैसाही वापरता येत नाही. त्यासाठी वेगळा राजकीय निधी लागतो आणि त्यासाठी वर्गणीही वेगळी गोळा करावी लागते. ही वर्गणी कोणाही सभासदावर लादता येत नाही. न देणाऱ्याला संघटनेच्या फायद्यांपासून दूर ठेवता येत नाही. सभासद करून घेताना तशी अट घालता येत नाही. वर्गणी न देणाऱ्याला कशाला मुकावे लागते, तर त्या राजकीय निधीच्या कारभारातल्या आवाजाला, बस. शिवाय दरवर्षी निबंधकाकडे विवरणपत्र, आणि त्यात राजकीय निधीचा जमाखर्च निराळा.

इतकी काटेकोरी कुठून आली? इंग्लंडातून, हे जवळजवळ निश्चित म्हणता येते. ऑस्बोर्न नावाच्या एका रेल्वे कामगाराने आपल्याच संघटनेवर दावा लावला होता: माझ्या वर्गणीतून मजूर पक्षाला पैसे का देता? १९०९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि १९१३ च्या कायद्याने तिकडे वेगळ्या राजकीय निधीची पद्धत आली. आपल्या १९२६ च्या कलमावर या भांडणाची छाप उघड आहे. हेतूबद्दल मात्र सावध राहावे लागते. कामगाराच्या मताचा आदर म्हणून हे कलम आले, की लाल झेंड्याच्या भीतीने? दोन्ही वाचने त्या काळाला धरून आहेत. कलमाचे शब्द एवढेच सांगतात की आठ आण्यांच्या वर्गणीलाही देणाऱ्याची स्वतंत्र संमती हवी.

आता कंपनीकडे येऊ. पहिला ठळक कागद १९५७ चा, मुंबई उच्च न्यायालयाचा. खटल्याचे नाव जयंतीलाल रणछोडदास कोटिचा विरुद्ध टाटा आयर्न अँड स्टील कंपनी. राजकीय पक्षांना वर्गणी देण्याचा अधिकार आपल्या मेमोरँडममध्ये, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे सांगणाऱ्या मूळ दस्तात, घालून घ्यायचा होता टाटा कंपनीला. अशा दुरुस्तीला तेव्हा न्यायालयाची मंजुरी लागे. कोटिचा हे भागधारक. त्यांनी विरोध केला आणि प्रकरण अपिलात मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्या खंडपीठापुढे आले.

या निकालपत्रातला एक उतारा फार उद्धृत होतो. त्याचा आशय असा: कंपन्यांच्या पैशाचा धोका झपाट्याने वाढू शकतो आणि शेवटी या देशातल्या लोकशाहीचा गळाही घोटू शकतो, म्हणून कंपन्यांना अशा देणग्या कोणत्या परिस्थितीत आणि कोणत्या मर्यादेत देऊ द्याव्यात, याचा संसदेने विचार करावा. उतारा उद्धृत करणारे बहुतेक जण निकाल काय लागला ते सांगत नाहीत. छागलांनी मंजुरी नाकारली नाही. कोटिचा हरले. कंपनीचे हित कशात आहे हे भागधारकांच्या बहुमताने ठरवले आहे, कायदा आड येत नाही, तेव्हा न्यायालय आड कसे येणार, अशी ती भूमिका होती. इशारा आणि परवानगी एकाच कागदावर आहेत, आणि दोन्ही मिळूनच तो कागद वाचायला हवा. त्याच सुमारास कलकत्ता उच्च न्यायालयातही इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या अशाच दुरुस्तीचे प्रकरण आले होते. म्हणजे दोन पोलाद कंपन्या, दोन न्यायालये आणि दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीचे वर्ष. हा योगायोग असावा असे मला वाटत नाही. पंचवार्षिक योजना आणि परवाने यांच्या त्या काळात पोलाद कारखान्याचे भवितव्य सरकारी धोरणाला बांधलेले होते. पण हा तर्क झाला, पुरावा नव्हे.

संसदेने छागलांची सूचना तीन वर्षांत घेतली. १९६० च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात कलम २९३ अ आले. मर्यादा ठरली पंचवीस हजार रुपये किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे पाच टक्के, यांतली मोठी असेल ती. आणि आपली ओळ जन्माला आली: किती रक्कम दिली आणि कोणत्या पक्षाला दिली, हे नफा-तोटा पत्रकात लिहायचे. भागधारकाला आधी विचारायचे नव्हते; नंतर कळवायचे होते, एवढेच. कामगाराशी तुलना केली की फरक लगेच ध्यानात येतो.

तरी त्या काळाला एक मोकळेपणा होता. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवले की काँग्रेसबरोबर आता स्वतंत्र पक्षालाही मदत करण्याचे आम्ही ठरवले आहे. नेहरूंनी उत्तर दिले की तसे करायला तुम्ही मोकळे आहात. ही दोन्ही पत्रे टिकून आहेत. देणगीदार सत्ताधाऱ्याला स्वतः होऊन सांगतो की मी तुमच्या विरोधकालाही पैसे देणार आहे. असा कागद त्यानंतरच्या साठ वर्षांत माझ्या तरी पाहण्यात नाही.

मग ओळ नाहीशी झाली. १९६४ च्या संथानम समितीने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदी सुचवली होती आणि १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने ती आणली. बंदी सोळा वर्षे टिकली. या सोळा वर्षांत कंपन्यांनी पक्षांना काही दिले का? नफा-तोटा पत्रके म्हणतात, नाही. पत्रकांवर विश्वास ठेवायचा तर प्रश्न मिटला.

मात्र एक साक्षीदार आहे, आणि तो खुद्द कायदाच आहे. १९८५ मध्ये बंदी उठली, पाच टक्क्यांची मर्यादा घालून देणग्या पुन्हा चालू झाल्या, तेव्हा नव्या कलमात एक खुलासा जोडला गेला. राजकीय पक्षाच्या किंवा त्याच्या फायद्यासाठी काढलेल्या स्मरणिकेत, माहितीपत्रकात, पत्रकात वा पुस्तिकेत कंपनीने जाहिरात दिली, तर तो खर्चही राजकीय देणगी मानावा. कायदे करणारे लोक कल्पनेतल्या वाटा बंद करत बसत नाहीत. स्मरणिका हा शब्द कलमात आला याचा अर्थ ती वाट चांगली मळलेली होती. अधिवेशनाची जाडजूड स्मरणिका, पानापानावर कारखान्यांच्या शुभेच्छा, आणि पानाचा दर मात्र कोणत्याही वर्तमानपत्राहून चढा: ज्यांनी सत्तरचे दशक पाहिले आहे त्यांना यात नवे काही नाही. जाहिरातखर्चाच्या रकान्यात ही रक्कम बिनबोभाट बसत असे. किती बसली, हे आज कोणी सांगू शकणार नाही; जाहिरातखर्च एकत्र लिहिला जातो. बंदीच्या काळाचा हिशेब म्हणून आपल्या हाती एका कलमातला एक शब्द उरतो. तो पुरेसा बोलका आहे.

१९८५ ते २०१७ हा काळ थोडक्यात सांगता येतो. २००३ मध्ये कंपन्यांना देणगीवर करसवलत मिळाली आणि वीस हजार रुपयांहून मोठ्या देणग्यांची यादी पक्षांनी निवडणूक आयोगाला द्यावी अशी तरतूद झाली. २०१३ च्या नव्या कंपनी कायद्यात जुने कलम १८२ क्रमांकाने आले आणि मर्यादा साडेसात टक्के झाली. त्याच वर्षी इलेक्टोरल ट्रस्टची योजना आली. अनेक कंपन्यांनी ट्रस्टला पैसे द्यायचे, ट्रस्टने ते पक्षांना वाटायचे, वर्षाला किमान पंचाण्णव टक्के. ओळ मात्र शाबूत होती: रक्कम आणि पक्ष.

१ फेब्रुवारी २०१७ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी निवडणूक रोख्यांची घोषणा केली. कंपनी कायद्याच्या कलम १८२ मध्ये वित्त विधेयकातून दोन बदल झाले. साडेसात टक्क्यांची मर्यादा गेली. आणि पक्षाचे नाव लिहिण्याची सक्ती गेली. यापुढे कंपनीने फक्त वर्षाची एकूण रक्कम सांगायची. ओळ अर्धी झाली ती इथे. २०१७ नंतरचे कोणत्याही पुणेकर कंपनीचे वार्षिक अहवाल पाहिले, तर राजकीय देणगी म्हणून आकडा सापडू शकतो. तो कोणाकडे गेला हे लिहिण्याचे बंधन तिच्यावर नव्हते.

या बदलाच्या आतले कागद नंतर माहिती अधिकारातून बाहेर आले. निवृत्त कमोडोर लोकेश बत्रा यांनी ते चिकाटीने मिळवले. त्यांत ३० जानेवारी २०१७ ची दोन पत्रे आहेत. एकात रिझर्व्ह बँक हरकत घेते: असे वाहक रोखे चलनासारखे हातोहात फिरू शकतील आणि अखेर कोणी दिले हे कळणार नाही. दुसरे उत्तर आहे महसूल सचिव हसमुख अढिया यांचे. रिझर्व्ह बँकेला योजना नीट समजलेली नाही, आणि सल्लाही उशिरा आला, वित्त विधेयक छापून झाले आहे. दोन्ही पत्रांची तारीख एकच. हरकतीचा विचार किती वेळ झाला याचा अंदाज तारीखच देते. २६ मे २०१७ रोजी निवडणूक आयोगानेही विधी मंत्रालयाला कळवले की हा बदल मागे नेणारा आहे आणि मर्यादा काढल्याने केवळ देणग्यांसाठी बनावट कंपन्या निघू शकतील.

योजना २ जानेवारी २०१८ रोजी अधिसूचित झाली. रोखे एक हजारापासून एक कोटीपर्यंत पाच किमतींचे, पंधरा दिवसांच्या मुदतीचे, आणि विक्री फक्त स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांत. महाराष्ट्रातली एकच शाखा यादीत होती, मुंबई मुख्य शाखा. म्हणजे राज्यातच घ्यायचे तर पुण्याच्या खरेदीदारालाही फोर्टमध्येच जावे लागणार. रोख्यावर घेणाऱ्याचे नाव नाही, पक्षाचे नाव नाही. दिसायला तरी नाही. एप्रिल २०१८ मध्ये पत्रकार पूनम अगरवाल यांनी हजार-हजाराचे दोन रोखे विकत घेतले आणि प्रयोगशाळेत तपासून घेतले. अतिनील प्रकाशात कोपऱ्यात एक क्रमांक उजळला, साध्या डोळ्यांना न दिसणारा. अर्थ मंत्रालयाने लगोलग खुलासा केला की ही केवळ सुरक्षेची खूण आहे. बँक तो क्रमांक खरेदीदाराच्या किंवा पक्षाच्या कोणत्याही नोंदीशी जोडून ठेवत नाही.

हा खुलासा बाजूला ठेवा. पुढे लागणार आहे.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने योजना रद्द केली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात छागलांचा १९५७ चा इशारा पुन्हा भेटतो. या वेळी इशाऱ्यासोबत परवानगी नव्हती. कंपनीची देणगी ही मुळात व्यवहार असते, काही मिळावे म्हणून दिलेली असते. तिला नागरिकाच्या देणगीच्या पंक्तीला बसवता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. कलम १८२ मधले दोन्ही बदल रद्द झाले.

यानंतरचे पाच आठवडे कागदांच्या दृष्टीने मोठे रंजक आहेत. बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली. कारण दिले की खरेदीची नोंद एका ठिकाणी, वटवल्याची दुसऱ्या, आणि बावीस हजारांहून जास्त रोख्यांची जुळणी करायची आहे. ११ मार्चला न्यायालयाने मुदत नाकारली. १२ मार्चला माहिती सादर झाली. १४ मार्चला दोन याद्या लोकांपुढे आल्या, एक घेणाऱ्यांची, दुसरी वटवणाऱ्यांची. मधला सांधा नव्हता. न्यायालयाने पुन्हा फटकारले, आणि २१ मार्चला याद्या नव्याने आल्या. या वेळी दोन्हींत प्रत्येक रोख्याचा क्रमांक होता. २०१८ च्या खुलाशात जो कोणत्याच नोंदीत नव्हता, तो क्रमांक दोन्ही नोंदींत होता, आणि जुळत होता.

या याद्यांत पुणे कुठे आहे?

नावे दिसतात. आकुर्डीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या बजाज ऑटो आणि बजाज फायनान्स खरेदीदारांच्या यादीत आहेत. पण 'पुण्याने किती दिले' अशी बेरीज कोणी पुढे केली, तर ती शंकेने पाहावी. यादीत खरेदीदाराचा पत्ता नाही, कंपनीचा नोंदणी क्रमांक नाही. आहे ते नाव, तारीख, किंमत आणि शाखेचा संकेतांक. आणि आपल्या राज्यापुरती शाखा एकच. एकाच नावाच्या दोन संस्था, वेगळ्या नावाने काढलेल्या उपकंपन्या, मालकांनी वैयक्तिक घेतलेले रोखे: शहरवार बेरजेत हे सारे अंदाजाने भरावे लागते.

पुण्याचा दुसरा धागा पक्षांच्या बाजूने सापडतो. १२ एप्रिल २०१९ च्या अंतरिम आदेशानुसार पक्षांनी मोहरबंद पाकिटात दिलेली माहिती १७ मार्च २०२४ ला खुली झाली. ही पाकिटे म्हणजे पक्षांच्या स्वभावाचा नमुनासंग्रहच आहे. भारतीय जनता पक्षाने लिहिले की देणगीदारांची नावे ठेवणे कायद्याने बंधनकारक नाही, म्हणून ती ठेवलेली नाहीत. द्रमुकने नावे दिली. राष्ट्रवादी काँग्रेसनेही काही नावे दिली. त्यांत भारती एअरटेल, निओटिया फाउंडेशन यांच्याबरोबर सायरस पूनावाला आणि अतुल चोरडिया ही पुणेकरांच्या ओळखीची नावे आहेत. यात बेकायदा काही नव्हते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. उलट पक्षाने नाव सांगितले म्हणून तर आपण ते वाचतो आहोत. संयुक्त जनता दलाचे पाकीट सगळ्यांवर कडी करणारे. ३ एप्रिल २०१९ ला पाटण्याच्या कार्यालयात कोणीतरी आले, बंद लिफाफा देऊन गेले. उघडला तर आत एक-एक कोटीचे दहा रोखे. देणारा कोण, पक्षाला माहीत नाही आणि त्याने शोधलेही नाही.

ट्रस्टच्या मार्गाने पुण्याचे नाव अधिक ठळक येते. प्रुडंट इलेक्टोरल ट्रस्टच्या २०२२-२३ च्या अहवालात मेघा इंजिनिअरिंगचे ८७ कोटी पहिल्या क्रमांकावर आहेत आणि त्याखाली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे ५०.२५ कोटी. त्या वर्षी ट्रस्टने वाटले ते असे: भाजपला २५६.२५ कोटी, भारत राष्ट्र समितीला ९० कोटी, वायएसआर काँग्रेसला १६ कोटी, आम आदमी पक्षाला ९० लाख. मग सीरमचे पैसे कोणाला गेले? ट्रस्टमध्ये पैसा एकत्र होतो, त्यामुळे नुसत्या वार्षिक बेरजांवरून नेमके उत्तर निघत नाही. तरी थोडे पुढे जाता येते. हा पैसा त्याच वर्षी वाटला गेला असे धरले, तर शेवटच्या दोन पक्षांकडे मिळून १६.९० कोटींपेक्षा जास्त जाऊच शकत नाही. उरलेले किमान ३३.३५ कोटी भाजप, भारत राष्ट्र समिती किंवा दोघांकडे गेले. एवढे गणिताने पक्के. त्याच्या पुढे तारखा लागतात. ट्रस्टला धनादेश कधी आला आणि ट्रस्टचा धनादेश कधी निघाला, हे अहवालात असते. रॉयटर्सने २०२४ मध्ये हाच धागा धरून २०१९ ते २०२२ मधले अठरा व्यवहार दाखवले: आठ उद्योगसमूहांकडून मोठी रक्कम ट्रस्टकडे आली आणि तेवढ्याच रकमेचे धनादेश भाजपकडे गेले. तारखांची जुळणी हा भक्कम पुरावा आहे. देणगीदाराने तसे सांगितले होते, हे मात्र तिच्यातून सिद्ध होत नाही.

रोखे बंद झाले तरी पैसा थांबलेला नाही. २०२३-२४ मध्ये एकट्या प्रुडंटने भाजपला सुमारे ७२३ कोटी आणि काँग्रेसला सुमारे १५६ कोटी दिले. म्हणून ट्रस्टचे अहवाल वाचण्याची सवय आता लावून घ्यायला हवी.

एक मोठी फट अजून बुजलेली नाही. न्यायालयाने माहिती मागवली ती १२ एप्रिल २०१९ पासूनची, अंतरिम आदेशाच्या दिवसापासूनची. रोख्यांची विक्री मात्र १ मार्च २०१८ ला सुरू झाली होती. मधल्या तेरा महिन्यांत सुमारे चार हजार कोटींचे रोखे विकले गेले, आणि त्यांचे खरेदीदार कोण हे आजही बंद आहे. ती माहितीही खुली करावी, ही मागणी न्यायालयाने मान्य केली नाही. लोकसभेच्या मतदानाचा पहिला टप्पा ११ एप्रिल २०१९ ला झाला. पुण्याचे मतदान २३ एप्रिलला. म्हणजे त्या निवडणुकीची तयारी ज्या पैशावर झाली, त्याचा मोठा भाग याच बंद कप्प्यात असणार, असा अंदाज करायला जागा आहे. पाटण्याचा लिफाफा त्याच कप्प्यातला. पक्षाने पाकिटात लिहिले नसते, तर तो आला होता हेही कळले नसते.

दुर्वे यांच्या अर्जाचे उत्तर अशा रीतीने निम्म्याहून अधिक मिळाले आहे, पूर्ण नाही. पण कलम १८२ जुन्या रूपात परत आले आहे: साडेसात टक्के, आणि रकमेपुढे पक्षाचे नाव. देणगीचा निर्णय संचालक मंडळाच्या ठरावावर होतो, भागधारकाच्या संमतीवर नव्हे. १९२६ मध्ये कामगाराला मिळालेला नकाराचा हक्क भागधारकाला अजून मिळालेला नाही. त्याच्या हातात आहे ती ओळ. पुण्यातल्या कोणत्याही नोंदणीकृत कंपनीचे दहा शेअर जरी तुमच्याकडे असतील, तरी यंदाचा वार्षिक अहवाल आला की इतर खर्चाच्या टिपा उघडा आणि राजकीय देणगी शोधा. रकमेपुढे पक्षाचे नाव नसेल, तर वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारा. ट्रस्टचे नाव असेल, तर त्या ट्रस्टचा अहवाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि दोन्हींकडच्या तारखा शेजारी ठेवा.